दहा मेंढ्या

निरवांगीत घर धरून राहायची सिंधुबाईची ही तिसरी खेप. आधी दोनदा पत्र्याच्या खोलीत राहून झालं होतं. दोन्ही वेळा तिच्या नवऱ्यानं, सोनबानं, कळप धाकट्या भावाच्या, भिमाच्या, हवाली केला. पण घरापुरत्या असू द्यात म्हणून दहा मेंढ्या दारात ठेवल्या. दहाच्या पंचवीस होत. दिवाळी सरून इतरांची मेंढरं कोकणच्या वाटेला लागली, की सोनबाचा पाय घरात ठरेना. दोन्ही वेळा खोलीला कुलूप लागलं आणि त्यांच्या दिपालीची शाळा मधेच सुटली. आता पोरगी नववीत होती, वर्गातल्या मुलींपेक्षा दोन वर्षांनी मोठी.

यंदा भिमा कळप कायमचा न्यायला आला, तेव्हाही सोनबानं दहा मेंढ्या बाजूला काढल्या. सिंधुबाई चुलीपुढून उठली आणि त्या दहाही तिनं हाकून कळपात घातल्या. बिऱ्हाड वाहणारी घोडी सोडून तिचं दावं भिमाच्या हातात दिलं.

भिमानं तिला समजावून पाहिलं. इथं नाहीच जमलं तर परत फिरायला काहीतरी हवं, असं त्याचं म्हणणं.

"म्हणूनच न्या, भावजी," ती म्हणाली. "काय बी मागं ऱ्हायलं तर आमी हितं टिकणार न्हाय."

कळप ओढ्यापलीकडं दिसेनासा झाला तरी सोनबा तसाच उभा होता.

पुढचे दिवस ओढत ओढत गेले. सोनबा दुसऱ्याच्या उसाला पाणी द्यायला जाई, सिंधुबाई खुरपायला. जन्मभर चाललेली बाई, पण एका जागी बसून तिची कंबर धरून येई. दोघांत बोलणं जेवणापुरतं उरलं. कळपाबरोबर आपण नवऱ्याचा जीवही धाडला की काय, असं तिला वाटे.

पौषात एका सकाळी सोनबा घोंगडी खांद्यावर टाकून निघून गेला. शेजारच्या मुक्ताबाईनं त्याला बारामतीच्या एसटीत चढताना पाहिलं. सिंधुबाई तरीही कामावर गेली. सांजच्याला परतली, तर तो उंबऱ्यात बसलेला.

तिनं पाण्याचा तांब्या पुढं ठेवला. त्यानंच सांगितलं, की महाडची गाडी लागली होती, त्यानं पायरीवर पायही ठेवला होता.

"मग?"

"जाऊन काय करू? माझं काय हाय तितं? भिमाच्या मेंढरांमागं गडी म्हणून फिरू?" त्यानं तांब्या रिकामा केला. "लई वंगाळ केलंस, सिंधू."

"व्हय," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तो उसाला पाणी द्यायला गेला. त्याच्या दुसऱ्या दिवशीही गेला.

उन्हाळ्यात दिपाली कुणाची तरी दहावीची जुनी पुस्तकं घेऊन आली आणि मोठ्यानं वाचत बसली. सिंधुबाईला आनंद झाला असेलही, पण त्या दुपारी तिला फक्त झोप हवी होती. ती भिंतीकडं तोंड करून आडवी झाली. सोनबानं पोरीला जरा हळू वाचायला सांगितलं.