शकूचं पुरं नाव

होडी वाळूला टेकली तशी चंदरने ट्रंक डोक्यावर घेतली आणि गुडघाभर पाण्यात उतरला. जकात नाक्यावरच्या शिपायाने ट्रंक उघडायला लावली, पुस्तकं उलटीपालटी करून पाहिली. १९२९ सालच्या वैशाखाची अखेर होती. रेवदंडा इंग्रजांच्या अमलात, मुरुड नवाबाच्या; सकाळी रेवदंड्याच्या घरून निघालेला चंदर दुपारी मुरुडला, परमुलखात उभा होता. इथल्या इंग्रजी शाळेत त्याला फी माफ झाली होती. राहायची सोय वडिलांच्या ओळखीच्या बुधाजी तांडेलाकडे.

बुधाजी किनाऱ्यावर वाट पाहत होता. त्याने ट्रंक स्वतःच्या डोक्यावर घेतली.

दारात त्याची बायको नीराबाई उभी होती. मागून एक मुलगी पाण्याचा तांब्या घेऊन आली. चंदरच्याच वयाची, उजवा पाय आखूड. प्रत्येक पावलाला ती एका बाजूला कलायची, पण तांब्यातलं पाणी सांडलं नाही.

"ही शकू," नीराबाई म्हणाली. "लाजू नको रं बाबा. आता ह्येच तुजं घर."

घरात एकच पलंग होता. तो चंदरला मिळाला. खारवलेल्या सुरमईचा मधला तुकडा त्याच्या ताटात पडे, शेपटीकडचा बुधाजीच्या.

शाळेतल्या मुलांना हे सगळं महिन्याभरात कळलं. तांडेलाने परगावचा मुलगा घरात ठेवलाय, फुकट जेवू घालतोय, आणि घरात बिनलग्नाची मुलगी आहे. मधल्या सुट्टीत कुणीतरी त्याला "लंगडीचा नवरा" म्हणालं. दुसऱ्या दिवशी सगळा वर्ग म्हणायला लागला.

आपल्याला जावई करून घ्यायचा बेत आहे, हे चंदरलाही खरं वाटू लागलं. ताटातला मधला तुकडा तो बाजूला सारू लागला. शकूने वाढलं तर तो मान वर करीत नसे.

श्रावणाच्या सुरुवातीला, तो अभ्यास करत असताना शकू समोर येऊन बसली.

"मला माजं नाव शिकीव," ती म्हणाली. "बाबा होडी रंगवतान. पुनवेला माजं नाव घालायाचं म्हनतान. मी सोता लिवीन."

चंदरने पाटी ओढली. पेन्सिल थोडा वेळ तशीच धरून ठेवली. मग ठळक अक्षरांत लिहिलं : लंगडी.

"हे?" शकू वाकून बघत राहिली. "शकू येवढं लांब असतं?"

"हे पुरं नाव आहे," चंदर शाळेतल्या भाषेत म्हणाला. "लिहिताना पुरं नाव लिहितात."

तिने ते गिरवलं. पाटीवर, चुलीपुढच्या राखेत, ओट्यावर ओल्या बोटाने. अनुस्वार तिला फार आवडला. टिकली लावल्यासारखा ती तो सगळ्यात शेवटी द्यायची. चंदरने ही गोष्ट शाळेत सांगितली. त्या दिवसापासून त्याला कुणी चिडवलं नाही. मुलं संध्याकाळी त्याच्याबरोबर वाडीपर्यंत येऊ लागली, ओट्याकडे बघून परत जाऊ लागली.

नारळी पुनवेच्या आदल्या दिवशी शकूने पांढऱ्या रंगाने होडीच्या पुढच्या टोकाला, नाळीवर, ते नाव लिहिलं. एका हाताने काठाला धरून, चांगला पाय वाळूत रोवून. पुनवेला नीराबाईने नारळ फोडला आणि प्रत्येक अक्षराला हळदकुंकू लावलं. वाडीत वाचता येणारं जवळजवळ कुणी नव्हतं. माणसं येऊन होडीवरून हात फिरवीत होती. चंदर गर्दीत मागे उभा होता. शकूने त्याला शोधून त्याच्या हातावर नारळीभाताचा पहिला घास ठेवला.

पुनवेनंतर बुधाजी त्या होडीतून मासळी घेऊन जकात नाक्यावर गेला. तिथल्या कारकुनाने होडीचं नाव वाचलं, बुधाजीकडे पाहिलं, आणि पुन्हा मोठ्याने वाचलं.

चंदर शाळेतून आला तेव्हा बुधाजी वाळूवर होडीला टेकून बसला होता.

"बस," तो म्हणाला.

चंदर बसला नाही.

"तुज्या बापानं वादलात मला पान्यातून वर काढला. म्हनून तुला घरात आनला. दुसरं काय तुज्या मनात आलं आसंल तर काढून टाक. तुला पोर द्यायाचं कदी आमच्या मनात न्हवतं."



"मी पुसतो," तो कसाबसा म्हणाला. "आताच पुसतो. दुसरं लिहितो."

"त्या आधी तिला काय सांगशील?"

बुधाजीने तळहाताने नाळीवरची वाळू झाडली, अक्षरांच्या बाजूबाजूने.

"त्ये तसंच राहील," तो म्हणाला. "तुजी परीक्षा होई पतूर तू बी राहा. पन तिला आता येक बी अक्सर शिकवायाचं न्हाय. वाचाया आलं तर तिला कलंल."

संध्याकाळी शकू पाटी घेऊन आली. बुधाजी दाराशी जाळं दुरुस्त करत होता.

"आता बाबांचं नाव दे," ती म्हणाली. "मंग आयेचं."

"तुला नाही यायचं," चंदर म्हणाला.

ती हसली. "माजं आलं ना?"

"तेवढंच यायचं होतं. पुढचं नाही जमणार तुला."

"का म्हनून?"

चंदरने पुस्तकाचं पान उलटलं. शकूने वडिलांकडे पाहिलं. बुधाजीची मान जाळ्यात खाली होती.

"खरं बोलतोय त्यो," बुधाजी म्हणाला. "तुजं डोस्कं न्हाय तेवढं, पोरी. नाद सोड."

शकूने पदराने पाटी कोरडी पुसली, चंदरच्या गुडघ्यापाशी ठेवली आणि त्याचं पान वाढायला उठली.