मारोतरावांच्या बुबुळातील बाई

मित्रांनो, पुष्कळ वर्षे भिंतीकडे तोंड करून राहिलेले मी एक जुने तैलचित्र आहे. भिलाईच्या सेक्टर ६ मधील एका क्वार्टरात, पोलाद कारखान्यातील चंपत नावाच्या कामगाराने मला रंगविले. ते क्वार्टर त्याचे सहकारी मारोतराव यांचे; तेच समोर बसले होते. चंपत दिसेल तेवढेच रंगवीत असे. पदरचे काही घालीत नसे. भट्टीची तप्त धातुमळी ओतली जाताना तेथील आकाश तांबडे होते. खिडकीतून आलेल्या त्या उजेडाने मारोतरावांचा अर्धा चेहरा उजळला, अर्धा अंधारात राहिला. मांडीवर हेल्मेट उताणे होते, रित्या भांड्यासारखे.

प्रारंभी माझी फार स्तुती झाली. पुढे मारोतरावांच्या निवृत्तीचा दिवस आला. त्यांना घरी यायला उशीर झाला, तेव्हा जमलेल्या मित्रांनी निरोपाचा हार थट्टेने मलाच घातला.

त्यांच्या पत्नी मैनाबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. "जित्या माणसाच्या फोटोले हार घालून राहिले? काढा पयले."

"मारोत्या येईपर्यंतच ठेवला ना जी, वहिनी," कोणी हसत म्हणाले.

त्याच आठवड्यात अर्धांगवायूने मारोतरावांची वाचा गेली, ते खाटेला खिळले. मैनाबाईंनी मला भिंतीकडे वळविले. कुटुंब स्मृती नगरात राहावयास आले, तरी माझी दिशा पालटली नाही. अखेर परवा त्या नातीला म्हणाल्या, "दिपाली, याले शिवनाथ नदीत सोडून ये. अर्धं तोंड जळून राहिलं याचं. यानंच खाल्लं त्याइले."

दिपालीने मला आजोबांच्या खाटेसमोर, उजेडात धरले. "जळत नाही ते, आजी. खिडकीतला उजेड हाय. अन् डोये पाह्य ना. आबा कोनाची तरी वाट पाहून राहिले. बुबुळात बाई हाय, दारात उभी. तूच हायेस."

मैनाबाई वाकल्या. कितीतरी वेळ पाहत राहिल्या.

"लुगडं तं माहंच हाय," त्या हळूच म्हणाल्या. "पन हे चित्र काढलं तवा मी माहेरी होती. दारात कोनीच नव्हतं."

खाटेवरून मारोतरावांनी हात उचलला, रित्या दाराकडे बोट केले, मग मैनाबाईंकडे.

तेव्हापासून मी मारोतरावांच्या खाटेसमोर आहे. मित्रांनो, एखाद्या चित्राचे भय वाटले तर त्याला पाठमोरे करू नका. धूळ पुसा, जवळ जा. उजेड कोठून येतो आणि डोळे कोठे लागले आहेत, ते पाहा.

येथवर भट्टीचा उजेड पोहोचत नाही. तरी सायंकाळी माझी एक बाजू तांबडी होते. आणि रंग वाळून इतकी वर्षे लोटली असताना, बुबुळातील ती बाई आता उंबरठ्याच्या आत आली आहे.