गप्प बसायला शिकवलेली वेबसाइट

मित्रांनो, मला कोणी हातात धरू शकत नाही, फडताळात ठेवू शकत नाही आणि माझ्यावर धूळही बसत नाही. तरीही मी जुनी झाले आहे. मी एका डायलिसिस केंद्राची वेबसाइट आहे. ज्यांची मूत्रपिंडे थकली आहेत अशा माणसांचे रक्त तिथे यंत्रातून फिरवून शुद्ध करतात. एक खेप चुकली की पायांवर सूज चढते, श्वास जड होतो. कोणी कोणत्या दिवशी, किती वाजता यायचे हे ज्याला त्याला कळवणे, हे माझे काम.

मला घडवले ते केंद्रातल्या डॉक्टरांच्या पुतण्याने. तो तेव्हा कॉलेजात होता. सुट्टीत घरी आला आणि काकांच्या मदतीसाठी त्याने मला ओळ ओळ करून लिहिले. पोरगा हुशार, पण घाईचा. मी येण्याआधी काउंटरवरच्या मुलीचा फोन करकरून घसा बसायचा. आता कोणाची वेळ बदलली की मीच त्याच्या फोनवर निरोप पाठवायचे आणि पडद्यावर त्याच्या नावापुढे हिरवी खूण उमटायची. "आमच्या वेबसाइटचं काम कसं बिनबोभाट!" असे डॉक्टर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. मी नुसती फुलून जायचे.

पण त्या बिनबोभाटपणाचे गुपित मला ठाऊक होते. सुरुवातीला एखादा निरोप पोचला नाही की मी लाल पाटी दाखवायचे. ती पाहून काउंटरवरची मुलगी दचकायची, डॉक्टरांना हाक मारायची आणि डॉक्टर पुतण्यावर करवादायचे. शेवटी पुतण्या वैतागला. त्याने माझ्या पोटात एक सूचना घातली: निरोप गेला नाही तरी काही बोलू नकोस, हिरवी खूण लाव आणि पुढे चल. शेजारी स्वतःसाठी लिहून ठेवले, 'तात्पुरतं. नंतर बघू.'

मित्रांनो, 'नंतर' हे गाव फार लांब असते. पुतण्या शिकायला परदेशी गेला तो गेलाच.

त्याच्यामागे मला पुष्कळ हात लागले, पण माया कोणाची लागली नाही. नवे पान हवे झाले की जुन्या पानातल्या ओळी उचलायच्या, नव्यात चिकटवायच्या आणि चालते आहे ना, मग झाले! एकच नियम माझ्यात ठिकठिकाणी लिहिला गेला, कुठे पुरा, कुठे अर्धा. मला पहिल्यापासून शेवटपर्यंत कोणी वाचले नाही. बाहेरून मी हसरी होते. आत सगळा गुंता.

आमच्या केंद्रात एक शिंपीकाका यायचे. दुकान कधीच बंद केले होते, पण घरी मशीनवर नातीचे कपडे अजून तेच शिवायचे. यंत्राला जोडून पडल्या पडल्या ते सिस्टरांची थट्टा करत. "सिस्टर, या ॲप्रनचा शिंपी कोण? खांदे पडलेत बघा. त्याला माझ्याकडे पाठवा!"

एकदा यंत्रांना पाणी पुरवणाऱ्या टाकीच्या सफाईसाठी सगळी यंत्रे दिवसभर बंद ठेवायची होती. त्या दिवसाच्या लोकांना आदल्या दिवशी बोलवायचे ठरले. मुलीने वेळा बदलल्या, सगळ्या नावांपुढे हिरव्या खुणा आल्या. आदल्या दिवशी सगळे आले. काका आले नाहीत. ते आले सफाईच्या दिवशी, नेहमीच्या वेळेला, भिंत धरत, धापा टाकत.

"काका, काल का नाही आलात?" सिस्टरांनी विचारले.

"काल? माझा वार आज ना?"

काउंटरवरच्या मुलीने पडद्यावर बोट ठेवले. "हे बघा, हिरवी खूण आहे. तुम्हाला कळवलंय. विसरला असाल, काका. या वयात होतं असं."

मला ओरडून सांगायचे होते की निरोप गेलाच नाही. पण मला गप्प राहायला शिकवले होते.

सिस्टरांनी काकांना निजवले, नाकाला प्राणवायू लावला आणि सफाईवाल्यांच्या मागे लागून एक यंत्र लवकर सुरू करून घेतले. काका वाचले. पण 'विसरला असाल' हे त्यांच्या मनाला लागले. ते घरी पुन्हा पुन्हा वार विचारू लागले. नातीचा फ्रॉक अर्धा कापून झाला होता, तो त्यांनी तसाच घडी करून ठेवला. "मापंही विसरायचो. उगाच कापड वाया जाईल," म्हणाले.

काकांची सून एका कंपनीत कामाला होती. दुसऱ्यांनी लिहिलेला कोड वाचायचा आणि त्यातल्या खोडी शोधायच्या, हा तिचा व्यवसाय. काकांना सोडायला आली तेव्हा ती थेट डॉक्टरांच्या खोलीत शिरली.

"डॉक्टर, आमचे बाबा विसराळू नाहीत. तुमच्या त्या वेबसाइटचं पोट मला उघडून बघायचंय."

"बघा ना," डॉक्टर ओशाळून म्हणाले. "मी तर म्हणतो, ही टाकून नवीनच घ्यावी."

ही म्हणजे मीच!

"नवी आणाल आणि तिलाही अशीच ठिगळं लावाल," सून म्हणाली. "आधी हिचं दुखणं कळू दे."

मग सुट्टीच्या दिवशी ती काकांच्या खाटेशेजारी लॅपटॉप घेऊन बसू लागली. तिने आधी माझ्यावर कोड तपासणारे साधन चालवले. पडदा इशाऱ्यांनी पिवळाजर्द झाला. डॉक्टरांनी डोक्याला हात लावला. "एवढे दोष? मग हिच्यात धड काय उरलं?"

"घाबरू नका. यातलं बरंचसं केस न विंचरल्यासारखं आहे, सावकाश नीट करता येईल. खरा रोग एखाद्याच ठिकाणी असतो."

बोटाने ओळी सरकवत ती एका इशाऱ्यापाशी थांबली: इथे चूक होते आणि कोणालाच कळवली जात नाही. शेजारी पुतण्याची टीप होतीच. ती वाचून तिला हसू आले आणि लगेच मावळले. तिने माझी एक प्रत काढली, तिच्यात काकांचा नंबर नोंदीत होता तसाच घातला आणि वेळ बदलली. निरोप गेला नाही. हिरवी खूण मात्र ऐटीत उमटली.

"सिस्टर, इकडे या! हे बघा!"

कारणही सापडले. नंबर लिहिताना मधे एक रिकामी जागा सुटली होती. माझे जुने पान अशी जागा मिटवून टाके. वेळ बदलायचे पान चिकटवताना नेमक्या त्याच ओळी गळल्या होत्या.

सून खाटेवर वाकली. "बाबा, तुम्हाला मेसेज गेलाच नव्हता."

काकांनी मान उचलली. "म्हणजे मी विसरलो नव्हतो?"

"नाही, बाबा."

त्यांनी डोळे मिटून लांब श्वास सोडला. "तरी म्हटलं! अगं, पहिल्या गिऱ्हाइकाच्या कोटाचं माप मला अजून पाठ आहे."

काउंटरवरची मुलगी रडवेली होऊन आली. "काका, माझं चुकलं."

"तुझं काय चुकलं, बाळ? तुला हिरवं दिसलं, तू हिरवं म्हणालीस."

त्याच संध्याकाळी तो फ्रॉक पुरा झाला, असे सून दुसऱ्या खेपेला सांगत होती.

माझी दुरुस्ती तिने घाईने केली नाही. आधी चाचण्या लिहिल्या, म्हणजे एका जागी हात लावला आणि दुसरीकडे काही मोडले तर लगेच कळावे. तसे झालेही. एक पान सरळ करताना संध्याकाळच्या वेळा गायब झाल्या. चाचणीने तिथल्या तिथे अडवले आणि तिने ती चूक निस्तरली. जो नियम ठिकठिकाणी विखुरला होता, तो एकाच जागी नीट मांडला. ज्या ओळींचा कोणालाच उपयोग नव्हता, त्या काढून टाकल्या. मला अंगावरचे ओझे उतरल्यासारखे झाले.

सर्वांत शेवटी तिने ती गप्प राहायची सूचना पुसली आणि मला शांतपणे बोलायला शिकवले. निरोप पोचला तरच हिरवी खूण. नाही पोचला तर, 'यांना निरोप मिळालेला नाही. कृपया फोन करा.'

पहिल्याच सकाळी मी एका मास्तरीणबाईंचे नाव सांगितले. मुलगी दचकली नाही. तिने फोन उचलला. "बाई, तुमची वेळ बदललीय. आज दुपारीच या हं." मास्तरीणबाई वेळेवर आल्या, खाटेवर टेकल्या आणि यंत्र सुरू झाले. इतके साधे होते ते! मित्रांनो, तेव्हा मला किती हायसे वाटले म्हणून सांगू!

तुमच्यापैकी कोणी मोठेपणी माझ्यासारख्यांना घडवेल. त्यांना मी हात जोडून विनवते, आमच्या चुका झाकू नका, आम्हाला त्या सांगू द्या. अधूनमधून आम्हाला उघडून वाचत जा. आणि यंत्र एक सांगते, माणूस दुसरेच सांगतो, असे कधी झाले, तर त्या माणसाला विसराळू म्हणण्याआधी त्याचे एकदा नीट ऐकून घ्या.