दर रविवारची प्रत

"दाजी, एखादं तरी पान असेल की कुठेतरी. छापून ठेवलेलं, कुणाला पाठवलेलं."

मेव्हणा दुकानाच्या दारात उभा होता. मिस्त्रीने मान वर केली नाही. कुणा बाईची शिलाई मशीन त्याने पालथी घातली होती आणि तिच्या पोटात अडकलेला दोरा तो चिमट्याने ओढत होता.

"पुसलं कुणी?" त्याने विचारलं.

"मी."

"मग मला काय विचारतोस? बोळा तू फिरवलास, पाटीवर काय होतं ते मी सांगू?"

"चुकलो म्हटलं ना, दाजी."

"म्हटलंस. मागच्या खेपेलाही म्हटलंस. ऐकायला बरं वाटतं. परत म्हण."

मेव्हण्याने परत म्हटलं. खाली मान घालून, शाळेतल्या पोरासारखं. मिस्त्रीने दोरा शेवटपर्यंत ओढून काढला, बोटावर गुंडाळला आणि म्हणाला, "काही राहिलेलं नाही. जा आता, गिऱ्हाईक यायची वेळ झाली."

गिऱ्हाईक कुणी येणार नव्हतं. पण मेव्हणा पाठमोरा चालायला लागला तेव्हा मिस्त्रीला असं काही गार गार वाटलं, जसं उन्हातून येऊन माठातलं पाणी प्यावं. कारण राहिलेलं होतं. सगळंच्या सगळं राहिलेलं होतं, आणि ते त्याच्याकडे होतं.

आता झालं होतं असं. मिस्त्रीची बायको दुकानात त्याच्या शेजारी स्टूल टाकून बसायची. मशीन घेऊन येणाऱ्या बायका मशीनचं गाऱ्हाणं दोन वाक्यांत सांगत आणि घरचं गाऱ्हाणं पुढे तासभर. बायको ऐकायची, हसायची, आणि घरी जाऊन ब्लॉगवर लिहायची. ब्लॉग म्हणजे इंटरनेटवरचा आपला ओटा. कुणीही यावं, बसावं, वाचावं. लोक वाचायचेही. मिस्त्रीला तर तिने पार उघडा पाडला होता. "आमचे हे मशीनशी जितकं गोड बोलतात, तितकं माझ्याशी बोलले असते तर आणखी काय पाहिजे होतं. एकदा म्हटलं, मलाही तेल घाला. तर म्हणाले, तू कुठे कुरकुरतेस?" असलं. मिस्त्री वर वर चिडायचा आणि कुणी गिऱ्हाईक "वाचलं हो आम्ही" म्हणालं की दिवसभर शीळ घालायचा.

ब्लॉग उघडून दिला होता मेव्हण्यानेच. त्याचं टायपिंगचं दुकान, कॉम्प्युटर त्याचे, त्यामुळे पासवर्डची किल्लीही त्याच्याकडे.

मग ती आजारी पडली. म्हणजे आधीपासूनच असणार. खोकायची, पायऱ्या चढताना थांबायची. "काही नाही हो," म्हणायची, आणि मिस्त्री विश्वास ठेवायचा, कारण विश्वास ठेवायला सोपं होतं. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांना बोलायला फार काही उरलंच नव्हतं.

ती गेली त्या दिवशी घर माणसांनी भरलेलं असताना मेव्हणा उभा राहिला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "मशीनचा आवाज इतकुसा बदलला तर ह्यांना कळतो. माझी ताई वर्षभर खोकत होती, ते नाही कळलं."

   शिवी दिली असती तर मिस्त्रीला शिवीने उत्तर देता आलं असतं.

आणि दुसऱ्या दिवशी मेव्हण्याने ब्लॉगवरचं तिचं सगळं लिखाण पुसून टाकलं. भाचीला, म्हणजे मिस्त्रीच्या लेकीला, म्हणाला, "त्या माणसाचं कौतुक माझ्या ताईच्या नावावर मला बघवत नाही." ओट्यावर फक्त नावाची पाटी राहिली. आत "अजून काही लिहिलेलं नाही" एवढंच.

पुढच्या रविवारी, चार्जिंगला लावलेल्या बायकोच्या फोनवर निरोप आला. "तुमच्या ब्लॉगचा बॅकअप यशस्वी." मिस्त्रीने तो लेकीला वाचून दाखवला. लेक परगावी नोकरीला, फोनवर एकदम रडायलाच लागली.

"बाबा, आईने लावून ठेवलं होतं हे. दर रविवारी ब्लॉगची एक प्रत आपोआप क्लाउडवर जाते. म्हणजे लांबच्या कपाटात म्हणा. आईचं सगळं आहे, बाबा. तुमच्या फोनवरून कसं काढायचं ते सांगू? नाहीतर रजा मिळाली की मी येते, उतरवून ठेवते. मामालाही सांगूया का?"

"खबरदार."

"अहो, पण त्याला पस्तावा..."

"होऊ दे. मुरू दे चांगला. आणि तूही काही हात लावू नकोस. चाललंय ना नीट? मग चालू दे. माझी शपथ आहे तुला."

लेक कुरकुरली, पण शपथ घातली म्हटल्यावर गप्प बसली.

तेव्हापासून मिस्त्रीच्या जिवाला एक काम मिळालं. रविवार आला, की आंघोळ करून फोन पुढ्यात घेऊन बसायचा. निरोप यायचा. यशस्वी. तो फोनकडे बघून मान डोलवायचा. वाटायचं, चला, बायको आणखी एकदा कडीकुलपात गेली, हात लाव म्हणावं आता. ते कपाट त्याने स्वतः कधी उघडलं नाही. तिचं बोलणं एकट्याने वाचायची त्याची छाती नव्हती. आणि वाचायचंच, तर मेव्हण्यासमोर वाचायचं होतं. तो कसा हात पसरेल, आपण कसं एक वाक्य दाखवू आणि झाकून घेऊ, हे त्याने मशीनला तेल घालताना इतक्यांदा मनात केलं होतं, की तेल सांडायचं.

मेव्हणा येत राहिला. कधी मशीनचा पट्टा घ्यायच्या निमित्ताने, कधी निमित्ताशिवाय. एकदा त्याने आपल्या बायकोला पाठवलं. ती म्हणाली, "जेवत नाहीत हो नीट." मिस्त्री म्हणाला, "वाढत जा थोडं थोडं." दर खेपेला उत्तर तेच. काही राहिलेलं नाही.

शेवटी लेक रजेवर घरी आली, आणि त्याच दुपारी मेव्हणाही आला. ह्या खेपेला दुकानात नाही, थेट घरी. बाहेरच्या खोलीत खुर्चीच्या कडेवर बसला. शर्टाची कॉलर मानेला मोठी झाली होती.

"सगळं नको, दाजी," तो म्हणाला. "एकच होतं. मी लहानपणी तो-तोतरा बोलायचो, त्यावरचं. दुकानात गेलो की माझ्या आधी ताई सांगून टाकायची मला काय हवंय ते. एकदा तिने मुद्दाम नाही सांगितलं. मी उभा, दुकानदार उभा, मागे रांग. ती रांगेला काय म्हणाली ते लिहिलं होतं तिने. मला ते वाक्य आठवत नाही. ती गेल्यापासून माझं तोतरेपण परत आलंय. ते वाक्य मिळालं तर..."



मिस्त्रीच्या मनात आलं, हीच ती वेळ. ह्याहून खाली हा वाकणार नाही. तो आतल्या खोलीत गेला, दार लोटलं आणि लेकीला म्हणाला, "उघड ते."

"मामाला देताय?" लेकीचा चेहरा उजळला.

"दाखवतोय. एक वाक्य वाचायचं आणि मिटायचं. बाकीच्यासाठी येऊ दे जन्मभर."

"बाबा, हे बरं नाही."

"त्याने केलं ते बरं होतं? उघड."

लेकीने लॅपटॉप उघडला, आईच्या नावाने आत शिरली. प्रती ओळीने होत्या, तारखांसकट. तिने सगळ्यात वरची उघडली. नुसती पाटी, आत काही नाही. त्याखालची उघडली. तशीच. मग ती भराभर उघडत गेली, आणि मिस्त्रीला तिच्या मानेवरूनच कळलं.

"काय झालं?"

"हे शेवटच्या काहीच प्रती ठेवतं, बाबा. जागा भरू नये म्हणून. नवी आली की सगळ्यात जुनी आपोआप जाते." ती थांबली. "मामाने पुसल्यावरही दर रविवारी प्रत निघतच होती. रिकाम्या ब्लॉगची. एक रिकामी आली, की एक भरलेली गेली."

"पण यशस्वी म्हणत होतं ते."

"यशस्वीच होतं. जे होतं त्याची प्रत काढली त्याने."

तिने टाकाऊ फायलींचा डबाही उपसून बघितला. तोही केव्हाच रिकामा झाला होता. तुम्हीच थांब म्हणालात, असं ती म्हणाली नाही. लॅपटॉप मिटून त्यावर दोन्ही हात ठेवून बसली.

मिस्त्री उभाच राहिला. मेव्हणा पहिल्यांदा आला तेव्हा सगळं होतं. त्याने बायकोला पाठवलं तेव्हा, निम्म्या प्रती तरी भरलेल्या असतील. पट्टा घ्यायला आला होता, तेव्हा एखादी तरी प्रत असेल शेवटची. आणि आपण दर रविवारी आंघोळ करून, मान डोलवून...

तो बाहेर आला. मेव्हणा खुर्चीवरून अर्धा उठला.

"नाही," मिस्त्री म्हणाला. "काही राहिलेलं नाही."

शब्द नेहमीचेच. मेव्हणा त्याच्याकडे बघत राहिला. मग खाली बसला.

"खरं सांगू, दाजी? मला वाटायचं तुम्ही खोटं बोलताय. आहे तुमच्याकडे, आणि मला जाळायला म्हणून देत नाही. म्हणून तर येत होतो." त्याने तोंडावरून हात फिरवला. "आज पटलं."

"चहा घेऊन जा."

"नको. निघतो."

परत येईन असं तो म्हणाला नाही. दाराबाहेर पायरीवर बसून सँडल घालायला लागला. पट्टी बकलात जाईना. भोक चुकत होतं. मिस्त्री दारात उभा राहून बघत होता. मग तो पायरी उतरून खाली उकिडवा बसला, मेव्हण्याचा हात बाजूला केला, पट्टी ओढून बकलात घातली. एका पायाची झाली, मग दुसऱ्या पायाची. दोन्ही झाल्या तरी तो उठला नाही, आणि मेव्हण्यानेही पाय मागे घेतला नाही.