मागच्याला सांगायचं

आमच्या सायकलवाल्यांचा कायदा एकच. पुढच्याने "खड्डा!" अशी हाक दिली, की प्रत्येकाने मान वळवून ती मागच्याला द्यायची.

माझ्या मागे कायम धाकटा भाऊ असायचा. त्या रविवारी मी शेजारून चाललेल्या मास्तरांना माझ्या नव्या गिअरचं कौतुक ऐकवत होतो. हाक आली, मी खड्डा चुकवला आणि पुन्हा गिअरवरच बोलत राहिलो. मागे धाडकन आवाज झाला. भाऊ जागच्या जागी गेला.

"तुझी चूक नाही रे," मास्तर अजून म्हणतात. चूक नाही, डोंबल!

आता मी सगळ्यांत शेवटी असतो. आज पुढून हाक आली. मी मान वळवून जीव तोडून ओरडलो, "खड्डा रे!"

मागे नुसता रस्ता होता.