झाकल्या मुठीतली दांडी

मी दांडी बोलतेय. झेंड्याची नव्हे, तराजूची नव्हे, कपडे वाळत घालायचीही नव्हे. मी मुठीत धरायची दांडी आहे, स्टीलची, वीतभर लांबीची. एका टोकाला वायर आणि अंगावर ओल्या स्पंजची गवसणी. बायकांच्या ओठावरचे, हनुवटीवरचे केस विजेच्या सुईने कायमचे काढायचं एक मशीन असतं. त्या मशीनची सुई चेहऱ्यावर काम करते आणि मी हातात असते. बाईने मला धरल्याशिवाय सुईला वीज पोचत नाही. सुईने कितीही टेंभा मिरवला तरी माझ्यावाचून तिचं पान हलत नाही. पण नाव होतं ते सुईचं. माझं नाव कधी कुणी काढलं नाही, आणि आता काढून उपयोगही नाही.

माझा जन्म तमिळ मुलखातल्या गिंडीचा, कारखान्यांच्या वस्तीतला. परदेशातून मशीन आलं तेव्हा त्याच्याबरोबर एक दांडी आली होती, ती लवकरच मोडली. मशीन होतं विशालाक्षीअक्कांचं. त्यांचे यजमान सेतुमाधव गिंडीच्या एका लहानशा कारखान्यात लेथवर काम करायचे. उरलेल्या तुकड्यातून त्यांनी मला घडवलं. माप घ्यायला समोर दुसरं कुणी नव्हतं, म्हणून बायकोचाच हात धरून मूठ मिटवून पाहिली.

"माझं माप कां घेता? धरणारी कोणी दुसरीच ना," अक्का म्हणाल्या.

"हात सगळ्यांचे एकच," सेतुमाधव म्हणाले.

ते काही खरं नव्हतं. पुढे मी इतक्या मुठींत राहिले, दोन मुठी सारख्या निघाल्या नाहीत. पण सेतुमाधवांना बायकोचा हात जरा वेळ धरायचा होता, असं मला तेव्हाच वाटलं होतं. ते गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

अक्कांचा दवाखाना म्हणजे अण्णा नगरातल्या त्यांच्या घराची पुढची खोली. एक आडवी होणारी खुर्ची, वर भिंगाचा दिवा, खाली पायाने दाबायची कळ. येणाऱ्या बाईचा चेहरा मला कधी दिसायचा नाही. मी तिच्या मांडीशेजारी पडलेली. मला दिसायचे हात. खडूने कोरडे पडलेले, भांड्यांनी राठ झालेले, नखं खाल्लेले. सगळ्या हातांना एक सवय मात्र सारखी होती. रिकामे झाले की ते हनुवटीकडे जायचे.

मला सुई दिसत नसली तरी तिची खबर मुठीतून कळायची. सुई केसाच्या मुळाशी नीट उतरली की मूठ जराशी आवळते आणि लगेच सैल होते. मग अक्का चिमट्याने केस उचलायच्या आणि तो लोण्यातून निघावा तसा निघून यायचा. ओढावा लागला, तर तो गेला नाही, नुसता उपटला गेला. अक्का हे प्रत्येकीला समजावून सांगायच्या. आणखी सांगायच्या की सगळे केस एका वेळी वर येत नाहीत, काही आत झोपलेले असतात, म्हणून पुन्हा पुन्हा यावं लागतं. घाई करणारीचं हे काम नव्हे. अक्कांचा हात त्या काळी इतका स्थिर होता की बायका खुर्चीत डुलक्या काढायच्या.

लावण्या आली ती एका उन्हाळ्यात. तिशीतली मुलगी, गिंडीत एका कंपनीत यंत्रांची ड्रॉइंग काढायची, तांबरमला आई विमलाबरोबर राहायची. तिचा डावा हात सतत हनुवटीवर. ऑफिसातले लोक तिला फार विचारी समजत, असं तिनेच नंतर सांगितलं. बिचाऱ्यांना काय ठाऊक, तिच्या डोक्यात एकच विचार असायचा.

पहिल्या दिवशी ती खुर्चीत बसतेय तेवढ्यात अक्कांना मुलाचा, श्रीवत्साचा फोन आला आणि त्या घरच्या बोलीत बोलल्या, तंजावरची जुनी मराठी, मधे मधे तमिळ. फोन ठेवल्यावर लावण्या म्हणाली, "अय्यो, तुम्ही अम्चेच कां?"

"होंय. आता हात खाली घे आणि ही दांडी धर."

हात खाली आला. गार होता, ओला होता. मी त्यात बसले तेव्हा जाणवलं की हा हात पुष्कळ वर्षांत कुणापुढे असा रिकामा खाली आलेला नाही.

लेझर करून झालं होतं. जाड काळे केस त्याने गेले, बाकीचे राहिले. आईची कस्तुरी हळद लहानपणापासून चालूच होती. अक्कांनी विचारलं, तुला नेमकं काय हवंय? लग्नाबिग्नाचं काही सांगेल असं मला वाटलं होतं. पण ती म्हणाली, "मला हात खाली ठेवून बोलायचं आहे अक्का. बस, इतकंच."

"सरि, बरं. होईल. पण दोन गोष्टी. घरी गेल्यावर हळद लावायची नाही. आणि उपटायचं नाही. कात्रीने काप हवं तर. इथे यायच्या आधी चार दिवस तेही नको. केस दिसला नाही तर सुईने वाट कुठे शोधायची?"

ती हो म्हणाली. आणि पुढच्या खेपेला हनुवटी साफ करून आली.

भांडी घासून मग मोलकरणीला बोलावणाऱ्या बायका असतात ना, त्यातली गत. अक्का भिंगातून बघत राहिल्या. "उपटून आलीस?"

"चार दिवस तसंच कसं फिरू अक्का? ऑफिस आहे, गाडी आहे. आणि तुमच्यापुढे असं येणं... घाण दिसतं."

"मी तेच बघायला बसले आहे ग."

मूठ माझ्याभोवती घट्ट झाली. सुई तर अजून लागलीही नव्हती.

असं बरेच महिने चाललं. ती नेमाने यायची, तांबरमहून गिंडीपर्यंत लोकल, मग मेट्रो, आणि नेमाने सगळं उपटून यायची. तिच्या पर्समधे चिमटा होता, पर्स खुर्चीवर ठेवली की तो खुळखुळायचा. सकाळी आरशापुढे धीर सुटतो म्हणायची. विमला दारातूनच विचारायची, "असंच जाणार कां?" की हिचा हात पर्सकडे. अक्का जे काही चुकून राहिलेलं असेल तेवढ्यावर काम करायच्या आणि रागवायच्या नाहीत. मला मात्र राग यायचा. चांगला हात समोर आहे, वेळ आहे, आणि ही पोरगी स्वतःच्या हाताने स्वतःचं नुकसान करून येते.

आता मला जे सांगायचं आहे ते जड आहे.

एका दुपारी दुसऱ्याच एका बाईची मूठ माझ्यावर एकदम दचकून आवळली. सुई चुकली होती. होतं कधीकधी. पण मग परत झालं, दुसऱ्या आठवड्यात परत. सुई जायच्या आधी जे क्षणभर थांबणं असायचं, ते लांबायला लागलं. अक्कांचा उजवा हात कापत होता.

त्यांनी आधी दिव्याला दोष दिला आणि दिवा बदलला. मग चष्म्याला. मग मनगटाखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायला लागल्या. श्रीवत्स आला की हात पदराखाली. त्याने कॉफी दिली तर "ठेव तिथे, गार होऊ दे," म्हणायच्या. नव्या बायकांना त्या हळूहळू नाही म्हणायला लागल्या. लावण्याला मात्र नाही म्हणवेना. घरचं पोर, आणि काम अर्धवट.

मला कळत होतं. पण दांडीने कळून काय करायचं?

मग एक दिवस लावण्याने स्वतःच अक्कांना सांगितलं की हनुवटीच्या उजव्या बाजूला तिला बोट फिरवून काही लागत नाही.

अक्का म्हणाल्या, "तिथले बारीक होते. तुझ्या चिमट्यात येत नव्हते, म्हणून तू सोडून द्यायचीस. जितके तू सोडलेस तितके गेले."

मुठीत मला तिच्या बोटांची चुळबुळ जाणवत होती. जाताना तिने पर्समधला चिमटा काढून अक्कांच्या टेबलावर ठेवला. मशीनच्या चिमट्याशेजारी तो फारच किरकोळ दिसत होता.

त्यानंतर ती आली तेव्हा तिची मूठ इतकी घामेजलेली होती की माझा स्पंज भिजवायची गरजच पडली नाही.

"आज सगळं आहे अक्का. चार दिवस काहीच नाही केलं. ऑफिसात तसंच गेले. मास्क पण नाही." ती भरभर बोलत होती. "गाडीत समोर एक छोटी पोरगी होती. बघतच राहिली. माझा हात वर चालला होता, पण मी बॅगेचा पट्टा धरून बसले. गिंडी येईपर्यंत. बघा तुम्ही. नीट बघा."

मला वाटलं, झालं. आता हिचं काम होणार. दांड्यासुद्धा भाबड्या असतात.

अक्कांनी दिवा ओढला. बराच वेळ काही झालं नाही. मग कळ दाबल्याचा आवाज आला आणि लावण्याची मूठ दचकली. पुन्हा थांबणं, पुन्हा दचकणं. केस ओढला गेला तेव्हा तिच्या अंगातून कळ गेली, ती माझ्यापर्यंत आली. पुन्हा तेच. मग अक्कांनी कापूस घेतला. रक्त आलं होतं.

"दुखत नाही अक्का. करा तुम्ही," लावण्या म्हणाली. खोटं बोलत होती. तिची नखं माझ्या स्पंजमधे रुतली होती.

अक्कांनी मशीन बंद केलं. भिंगाचा दिवा बाजूला केला आणि उजवा हात तिच्यापुढे धरला, तसाच, कापत असलेला.

"मी करणार नाही आता. डाग पडतील. तुझ्या चेहऱ्यावर मी डाग पाडणार नाही."

"कधीपासून?"

"पुष्कळ झालं. तू उपटून येत होतीस, मी झाकून बसत होते."

लावण्याने जे विचारलं ते मी आजही विसरले नाही. "मी पहिल्यापासून अशी आले असते, तर झालं असतं कां?"

अक्का गोड बोलू शकल्या असत्या. माणसं अशा वेळी काहीतरी मलमपट्टी करतातच. पण त्या जुन्या वळणाच्या. "झालं असतं," म्हणाल्या. "तेव्हा हात चांगला होता."

लावण्या रडली नाही. मशीन बंद होतं तरी तिने मला सोडलं नव्हतं.

"जे झालं ते तरी परत येत नाही ना?"

"झालेलं येत नाही. उरलेलं उरलं." मग अक्कांनी बेंगळुरूच्या एका बाईचं नाव सांगितलं. त्यांनीच तिला शिकवलं होतं. "बेगी जा. माझ्यासारखं, तुझ्यासारखं करू नको."

"पाहते," लावण्या म्हणाली आणि मूठ उघडली. खुर्चीवरून मी वायरीला लोंबकळत होते, तिथून मला तिचे हात दिसले. दोन्ही हात बॅगेच्या पट्ट्यावर. दारापाशी तिने चप्पल घातली आणि डावा हात सुटून वर चालला. तो कुठे थांबला, की परत खाली आला, ते दार मधे आल्यामुळे मला दिसलं नाही. त्यानंतर ती आली नाही. बेंगळुरूला गेली की नाही तेही इथे कुणाला ठाऊक नाही.

आता मशीनवर कापड घातलेलं आहे. श्रीवत्साला सगळं कळलं, डॉक्टरांना दाखवून झालं, गोळ्या चालू आहेत, हात कापतोच आहे. पुढच्या खोलीत त्याची खोकी रचली आहेत. माझी वायर काढून टाकली, स्पंज वाळून चुरा झाला. विजेशी माझा संबंध संपला.

मी असते खिडकीत, अक्कांच्या खुर्चीजवळ. दुपारी त्या मला उजव्या हातात घेऊन बसतात. पेला हलतो, चमचा हलतो, पण काही घट्ट धरलं की हात जरा थांबतो. सेतुमाधवांनी माप तर त्यांच्याच मुठीचं घेतलं होतं. इतकी वर्षं मी सगळ्यांच्या हातात थोडी कमीजास्त व्हायचे, इथे मात्र नेमकी बसते. कधीतरी अक्का पुटपुटतात, "त्या पोरीचं अर्धं राहिलं ग." मला उद्देशून की स्वतःला, सांगता येत नाही.

झाकली मूठ सव्वा लाखाची असं तुम्ही माणसं म्हणता. माझं सगळं आयुष्य झाकल्या मुठीत गेलं. लाख सोडा, आत घामाशिवाय मला काही सापडलं नाही. तेव्हा ज्याच्याकडे बरं व्हायला जाता, त्याच्यापुढे तरी मूठ उघडून जा. आणि जो बरं करतो, त्याने आपलाही हात वेळेवर दाखवावा.

आणि एक मागणं. तांबरमच्या गाडीत तुमच्यासमोर एखादी बाई बसेल. तिचे दोन्ही हात बॅगेच्या पट्ट्यावर असतील, घट्ट धरलेले, आणि हनुवटी जशी आहे तशी उघडी. तिच्याकडे टक लावून पाहू नका. खिडकीबाहेर पाहा. ते हात खाली ठेवायला तिला किती बळ लागतंय, ते मला ठाऊक आहे.