पोट लहान केलेल्यांची स्वप्नं

त्या गुरुवारी सकाळी समुद्रावरून धुकं आलं आणि दुपारपर्यंत हललं नाही. कुवेतच्या हिवाळ्यात अशा एक-दोन सकाळी येतात. समोरच्या घराची भिंत नाहीशी झाली होती. तिचा पिवळट रंग तेवढा हवेत राहिला होता. लांब बंदरात एक जहाज थांबून थांबून भोंगा वाजवत होतं, आणि प्रत्येक भोंग्याला सबीकाचे वडील हलकेच मान डोलवत होते, जणू कोणी त्यांना विचारून आत येत होतं.

तीस वर्षं त्यांनी बंदरात काढली होती. नाव दाऊद, पण सगळे बू सुलेमान म्हणत, म्हणजे सुलेमानचा बाप. सुलेमान कधी जन्मलाच नाही. तिथे दाऊद म्हटला की त्याला बू सुलेमान म्हणायचं, एवढंच. जन्मली ती एकटी सबीका. ती आता अडतीस वर्षांची होती, सरकारी ग्रंथालयात काम करायची आणि आई गेल्यापासून, म्हणजे गेली नऊ वर्षं, हे घर चालवत होती.

तिने केशरातल्या गोड शेवया पुढे ठेवल्या, वर अंड्याची पातळ पोळी. बू सुलेमान मुद्दाम करवून घेतलेल्या रुंद खुर्चीत बसले होते. वजन एकशे अडुसष्ट किलो. दोन्ही गुडघे गेलेले, रक्तात साखर, आणि रात्री झोपेत श्वास अडकू नये म्हणून नाकावर नळी लावून हवा सोडणारं मशीन.

"बू मिशालला परत स्वप्न पडलं," ते म्हणाले.

"कुठलं, युबा?" बापाला ती युबा म्हणायची.

"समुद्राचं. पाण्यावरून चालतोय म्हणे. खाली तळ दिसतोय, शिंपले उघडे पडलेत, आत मोती. पण बुडताच येत नाही. उड्या मारतोय, पाय आपटतोय, पाणी काही आत घेत नाही." ते हसले. त्यांचं हसू पोटापासून निघून वर यायला वेळ लागायचा. "मी त्याला म्हटलं, गाढवा, तुझा आजा मोत्यांसाठी पायाला दगड बांधून खाली जायचा. तू तुझा दगड दवाखान्यात सोडून आलास."

फाटकाजवळच्या त्यांच्या बैठकीत, दिवाणियात, दर गुरुवारी त्यांना धरून सात मित्र जमत; बू मिशाल त्यातलाच. सगळे एकेकाळी असेच भरभक्कम. गेल्या चार वर्षांत त्यातल्या सहा जणांनी एकामागून एक पोट लहान करण्याचं ऑपरेशन करून घेतलं होतं. आधी बू आदेल गेला, मग त्याला पाहून बाकीचे. आणि ऑपरेशननंतर प्रत्येकाला स्वप्नं पडू लागली होती. ती स्वप्नं बू सुलेमान गोळा करायचे आणि सकाळी लेकीला सांगायचे, इतर बाप वर्तमानपत्रातल्या बातम्या सांगतात तशी.

बू आदेल म्हणे चाळीस रात्री एकाच लग्नाला जात होता. समोर तबक, तबकात अख्खं कोकरू, आणि ते कोकरू मान वर करून त्याच्या तब्येतीची चौकशी करायचं. आणखी एकाच्या स्वप्नात त्याचंच पोट शेजारच्या घरात राहायला गेलं होतं आणि खिडकीतून ओळखही दाखवत नव्हतं. पण बू सुलेमानना पुन्हा पुन्हा आठवायचं ते एक वेगळंच स्वप्न. एका मित्राची मेलेली आई रोज यायची, स्वतःच्या हाताने भाताचा घास करून पुढे धरायची, आणि त्याला सांगावं लागायचं, "युमा, जागा नाही." मग ती घास हातात तसाच धरून बसून राहायची.

"तुझी आई तशी आली तर," त्यांनी त्या सकाळी शेवयांकडे बघत विचारलं, "मी काय सांगायचं तिला?"

सबीकाने चहा ओतला.

डॉक्टरने सगळं नीट सांगितलं होतं. साखर उतरेल, झोपेतला श्वास सुधारेल, गुडघ्यांना आराम मिळेल. पण जेवण पूर्वीसारखं पुन्हा कधी होणार नाही, औषधं जन्मभर, आणि ऑपरेशन म्हटलं की थोडा धोका आलाच; तुमच्या वजनाला जरा जास्त. घाई नाही. महिनाअखेरची तारीख राखून ठेवतो. येत्या रविवारी दुपारी आमच्याकडची बाई फोन करेल, तिला हो की नाही तेवढं सांगा.

त्यानंतर सबीकाने वाचायला घेतलं. वाचणं हा तिचा धंदाच होता. हजारात किती दगावतात, किती जणांची साखर परत येते, टाका सुटला तर काय होतं, काहीच केलं नाही तर अशा शरीराची किती वर्षं कमी होतात, सगळं तिला पाठ झालं. त्या कागदांची जाडजूड फाईल तिने वडिलांच्या उशाशी ठेवली. त्यांनी ती उघडली नाही. त्यांना कागद नको होता.

"तू काय म्हणतेस, पोरी?" त्यांनी विचारलं. आठवड्याभरात पाचव्यांदा.

"शरीर तुमचं आहे, युबा. तुम्ही ठरवा."

ती हे नेहमी शांतपणे म्हणायची आणि यात आपण त्यांचा मान राखतोय असं तिला वाटायचं. तळाशी मात्र वेगळंच होतं. आपण हो म्हणायचं आणि ते टेबलावरच गेले तर? आपण नाही म्हणायचं आणि ते असेच गेले तर? दोन्हीकडून शब्द आपला ठरणार. म्हणून ती शब्दच देत नव्हती.

बू सुलेमाननी मान डोलवली. बाहेर भोंगा वाजला होता.

*

संध्याकाळी दिवाणियात मंडळी जमली. सबीका स्वयंपाकघरात होती. मधल्या बोळातून त्यांचं बोलणं वाफेसारखं यायचं, कधी दाट, कधी विरळ. कुंजुमोन तबक घेऊन आत गेला. तो केरळचा, बावीस वर्षं या घरात कामाला. पापलेट घालून केलेला पिवळा भात, वर तळलेला कांदा आणि बेदाणे. तबक एवढं मोठं की दोघांनी उचलावं, पण तो एकटाच न्यायचा.

"या, या, बिस्मिल्ला करा," वडिलांचा आवाज आला. "लाजू नका."

"आम्ही कसले लाजतोय. चार घास झाले की आमचं दुकान बंद."

"चार? तू तर तिसऱ्यालाच ढेकर देतोस, बू आदेल. पूर्वी तू आलास की माझी बायको दुसरं पातेलं चढवायची."

"म्हणून तर तुला ठेवलाय. आम्ही बघायचं, तू खायचं. तू पण कापून घेतलंस तर या तबकाची अब्रू कोण राखणार?"

सगळे हसले. ही थट्टा दर गुरुवारची. सहा जण कडेकडेने भात उकरायचे आणि बू सुलेमान एकटे मधोमध बसून घराची अब्रू राखायचे. सबीकाला माहीत होतं की त्यांना ते आवडतं. शेवटचा खाणारा असण्यात एक मोठेपणा होता, आणि तो डॉक्टरच्या कुठल्याच कागदात नव्हता.

तासाभराने कुंजुमोन तबक परत घेऊन आला आणि ते ओट्यावर ठेवून नुसता उभा राहिला.

"काय झालं?"

"बाबांची बाजू बघा."

भात जसा रचला होता तसाच होता. मधोमध एक लहानशी खाच, चार घासांची.

मंडळी गेल्यावर ती दिवाणियात गेली. ते एकटेच बसले होते. धुकं पुन्हा दाटलं होतं, आणि दाराबाहेरच्या दिव्याभोवती पांढरं वर्तुळ धरलं होतं.

"बरं नाही का?"

"बरंय की. सवय करून बघत होतो." त्यांनी हात पुसले. "चार घासांनंतर थांबलो. फार अवघड नाही. पण नंतर हातांचं काय करायचं ते कळेना. सगळे बोलत होते, आणि माझे हात मांडीवर पाहुण्यासारखे बसले होते."

ती हसली. त्यांना उठताना तिने आधार दिला. त्यांचं वजन तिच्या खांद्यावर आलं, उबदार, नेहमीचं. दारापाशी ते दम घ्यायला थांबले.

"रविवारी सांग मला," ते म्हणाले. "फोन यायच्या आधी. तू सांगितलंस की मी तसं करीन. मला आकडे नको सांगूस. आकडे त्या डॉक्टरजवळ पुष्कळ आहेत."

"झोपा आता, युबा," ती म्हणाली.

*

शुक्रवारी सकाळी मशीन चालू होतं. हवा येत होती, जात होती. ती दारातून दोनदा डोकावली आणि आवाज ऐकून परत गेली. तिसऱ्यांदा ती आत गेली तेव्हा कळलं की श्वास घेतंय ते फक्त मशीन.

हृदय थांबलं, डॉक्टर म्हणाला. झोपेत. त्यांना कळलंही नसेल. आधीच ऑपरेशन केलं असतं तर, असं तिने विचारलं, तेव्हा तो म्हणाला की ते कोणीच सांगू शकत नाही. तिला त्याचा राग आला नाही. तिनेही हेच उत्तर दिलं असतं.

दुपारच्या नमाजानंतर त्यांना पुरलं. मग तीन दिवस दिवाणियात पुरुष आणि घरात बायका, येणं-जाणं, कॉफीचे छोटे पेले. सबीका त्यातून पाण्याखालून चालावं तशी चालत होती. बायका बोलायच्या, त्यांचे ओठ हलायचे आणि शब्द मागाहून पोचायचे. कोणी तिचा हात धरायचं आणि तो हात कोणा दुसरीचा असावा तसा ती बघायची. शेजाऱ्यांकडून तबकं यायची. कुंजुमोन ती आत न्यायचा आणि तशीच भरलेली परत आणायचा.

रविवारी दुपारी बू आदेल बोळाच्या तोंडाशी आला आणि पडद्याआड उभा राहिला. पुढे आला नाही.

"पोरी, काही हवं-नको?"

"काही नको, काका."

"आम्ही सहा जणांनी खांदा दिला बरं का. आलटून पालटून. रस्ता लांब होता." तो थांबला. त्याचा आवाज पूर्वी जाड होता; आता त्याच्या अंगासारखाच सडपातळ झाला होता. "जड होता तुझा बाप. मधे मला वाटलं, आम्ही पूर्वीसारखे असतो तर याला पोचवायला इतकं चालणं आम्हाला झेपलंच नसतं. याला कोणी पोचवायचं मग?"

सबीकाने पडद्याकडे पाहिलं.

"तुम्हाला विचारलं होतं का त्यांनी, काका? करावं की नाही?"

"आम्हाला? छे. आमची स्वप्नं तेवढी विचारायचा. मी म्हटलं त्याला, बाबा, उरक की एकदाचं. तर म्हणाला, रविवारी सबीका सांगेल." तो खोकला. "असो. अल्लाची मर्जी. दोन घास खाऊन घे तू."

त्याची पावलं दूर गेली. ती वडिलांच्या खोलीत गेली. मशीन कोणीतरी बंद करून नळी गुंडाळून ठेवली होती. पलंगाच्या मधोमध गादी खोल गेलेली. एखादी मोठी होडी किनाऱ्यावरून काढून नेल्यावर वाळूत राहावा तसा तो खळगा होता. तिला वाटलं, आपण इथे बसलो तर त्या उतारावरून आपोआप मधे जाऊ. ती कडेला बसली आणि खरंच थोडी आत घसरली. डोळे मिटले की आई दिसत होती, हातात घास, आणि वडील तिच्यासमोर बसलेले. ते काय उत्तर देतात हे ऐकायला सबीका कान देत होती, पण ते वळून तिच्याकडेच बघत होते.

तेवढ्यात उशीजवळचा त्यांचा फोन वाजला.

"बू सुलेमान आहेत का?" बाईचा आवाज, तरुण, अदबीचा. "दवाखान्यातून बोलतेय. डॉक्टरांनी महिनाअखेरची तारीख ठेवलीय. हो की नाही, तेवढं विचारायचं होतं."

"मी त्यांची मुलगी."

"बरं. मग काय ठरलं तुमचं?"

खिडकीबाहेर ऊन होतं, स्वच्छ, धुक्याचा मागमूस नव्हता. सबीकाने सांगितलं की ते शुक्रवारी गेले.

मग त्या बाईने जे म्हणायचं असतं ते म्हटलं, आणि ते मनापासून म्हटलं. "मी नाव काढून टाकते," ती हळूच म्हणाली. "तुम्हाला पुन्हा फोन येणार नाही."

"थांबा," सबीका म्हणाली. "लगेच काढू नका."

"ताई?"

"मला त्यांनी विचारलं होतं. मी आज सांगणार होते." तिचा आवाज तिला अनोळखी वाटत होता, आणि तो थांबत नव्हता. "तुम्ही फक्त ऐका, लिहू नका काही. हो. माझं हो आहे. करा, युबा. मला भीती वाटते, केलं तरी वाटते, नाही केलं तरी वाटते, आणि काही वाईट झालं तर मी म्हटलं म्हणून झालं असंच मला जन्मभर वाटणार आहे, वाटू दे. आई घास घेऊन आली तर तिला सांगा, सबीकाने थांबायला सांगितलंय. करून घ्या. मला तुम्ही हवे आहात."